लाल डबडं, निळं डबडं

कडूबाच्या आधीची दोन लेकरं बारशाच्या आधीच गेली, म्हणून हे तिसरं झालं तव्हा मायनं त्याचं नाव कडू ठेवलं. मरणानं तोंडात घेतलंच तर थुंकून टाकावं, असा तिचा हिशोब. हिशोब बराबर निघाला. कडूबाला साप डसला, कालव्यात तो मेंढीमागं वाहत गेला, एकदा तर हमरस्त्यावर ट्रकनं खांद्यावरचं घोंगडं ओढून नेलं आन् हा जागच्या जागी उभा. साठी ओलांडली तरी गडी तुऱ्हाटीसारखा ताठ.

वडीगोद्रीपासून कोसभर आत, कालव्याच्या अंगाला धनगरांची थोडी घरं. त्यातलं शेवटचं कडूबाचं. घरात बायको झुंबरबाई, सून उषाबाई आन् पाचवीत जाणारी नात बेबीनंदा. पोरगा मच्छिंद्र जालन्याला सळईच्या कारखान्यात, सणावाराला सुट्टी मिळंल तसा यायचा. आन् घरापुढं वाघरीत, म्हंजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं.

माणसांची नावं कडूबा विसरायचा. सोयरा दारात आला तरी ‘कोणतं गाव म्हणायचं पाव्हण्याचं?’ म्हणून विचारायचा. पण मेंढीचं तोंड एकदा पाह्यलं की पाह्यलं. अंबडच्या बाजारात विकलेली मेंढी दोन सालांनी दुसऱ्याच्या कळपात दिसली तर हा थांबायचा. आधी तिला म्हणायचा, ‘काय गं, इकडं कुठं?’ आन् मंग तिच्या मालकाला रामराम.

अशा माणसाच्या डोळ्यात पडदा धरला.

आधी धवळी मेंढरं पिवळट दिसाया लागली, ताकात हळद पडल्यावानी. मंग काळ्या मेंढीचं तोंड कुठं संपतं आन् सावली कुठं लागते ते कळंना. कडूबानं कुणाला सांगितलं न्हाई. ‘बाजारला जातो’ म्हणून तो एकटाच अंबडला डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं बॅटरी मारून पाह्यली आन् म्हणाला, “मोतीबिंदू आहे बाबा. ऑपरेशन करून घ्या. त्यानंतर दोन महिने धूळ नको, धूर नको, वजन उचलायचं नाही.”

“आन् मेंढरं?”

“मेंढरं तर बिलकुल नको.”

कडूबानं येताना पावशेर बत्तासे आणले, नातीच्या हातावर ठेवले आन् गप बसला.

गप बसायला कारण होतं. मच्छिंद्राचं दर दिवाळीला एकच टुमणं, “बा, कळप इकून टाकू. ह्या वयात रानोमाळ हिंडता, लोक मला इचारतेत.” दर दिवाळीला कडूबा त्याला उडवून लावायचा, “माझं वय इचारतेत का तुझं?” पण डोळ्याचं कळलं की उडवून लावायला तोंड राहणार न्हाई. डोळा गेला म्हणजे कळप गेला. आन् कळप गेल्यावर कडूबानं काय करायचं? ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘कोण हाये?’ विचारायचं?

मंग गड्यानं दुसऱ्या युक्त्या काढल्या. पुढारी मेंढीच्या गळ्यात मोठी घंटी, लंगडीच्या गळ्यात घुंगरू. बाकीच्यांच्या पाठीवरून, कानावरून हात फिरवला की नाव तोंडात यायचं. रानात त्याच्या जोडीला झुंबरबाईचा भाऊ पुंजाराम असायचाच. दोघांचे कळप वर्षानुवर्षं एकत्र हिंडत. दिवाळी झाली की घनसावंगी, तीर्थपुरीच्या अंगाला उतरायचं, लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायची, आन् पाऊसकाळाच्या तोंडाला परत.

दोन कळप एकात गेले की मेंढरू कुणाचं, ते रंगावरून ठरायचं. कडूबाचा लाल, पुंजारामाचा निळा. पाडव्याला मेंढरं ओवाळायची आन् पाठीवर रंगाचा पंजा उठवायचा. दोन्ही कळपांना रंग लावायचा मान कडूबाचा, थोरला म्हणून. पूर्वी गेरू असायचा, पण तो पहिल्या सरीला वाहून जायचा. आता वडीगोद्रीच्या दुकानात पुडीचा रंग मिळतो. पाण्यात चांगला विरघळतो आन् लोकर कातरंपर्यंत हलत न्हाई. कडूबा दोन पुड्या दोन डालड्याच्या डबड्यांत भिजत घालायचा.

डबडी सारखीच. रंग त्याला आता सारखाच दिसायचा, काळपट. म्हणून दुकानदाराकडून वेगळी बांधून घेतलेली लाल पुडी ज्यात भिजवली, त्या डबड्याच्या कडीला त्यानं सुतळी गुंडाळून ठेवली. हात लावला की कळलं, हे आपलं. ह्या सुतळीचं मर्म त्याच्याशिवाय कुणालाच ठावं नव्हतं.

त्या साली, म्हणजे शहाण्णवच्या दिवाळीत, बेबीनंदाला शाळेनं सुट्टीतला एक प्रयोग दिला. पांढरं फूल रंगाच्या पाण्यात ठेवायचं. थोड्या थोड्या वेळानं पाह्यचं. आन् घरातल्या एका मोठ्या माणसाला जोडीला घ्यायचं, त्याला काय दिसतं ते विचारायचं.

“आबा, मी तुमाला घेतलंय,” तिनं लक्ष्मीपूजनाच्या दुपारी सांगून टाकलं.

“मला? तुझ्या मायला घे की. ती शिकेल हाये.”

“ती करंज्या करून राह्यली. ती म्हणती, माझ्याम्होरं रंग आणला तर चिमट्यानं हाणीन.”

मोरीच्या पाण्यावर झुंबरबाईची शेवंती फुलली होती, पांढरीफेक. बेबीनं दोन फुलं लांब दांड्यासकट तोडली. आजोबाच्या दोन्ही डबड्यांतला थोडा थोडा रंग काचेच्या गिलासात घेतला आन् वरून पाणी घातलं. पण गिलास रुंद आन् दांडा बारीक. फूल मान टाकायचं. तिनं कडूबाच्या डबड्याची सुतळी सोडली, तिचे दोन तुकडे केले आन् गिलासावर एकेक काडी आडवी ठेवून फुलं तिला बांधली. फुलं ताठ उभी राह्यली. गिलास तिनं खिडकीत ठेवले.

“आता काय व्हायचं?” कडूबानं विचारलं.

“फूल रंग पिणार.”

“तोंडानं?”

“आबा! दांड्यानं. दांड्यात बारीक नळ्या असतेत. त्यातून पाणी वर चढतं.”

कडूबाला ते पटलं. पाणी पिणारं जनावर त्यानं जन्मभर पाह्यलं होतं, पण ते मान खाली घालून पितं. हे मान वर ठेवून पिऊन राह्यलं होतं, आवाज न्हाई का काही न्हाई. तो किती तरी वेळ खिडकीशी बसला. गिलासाला कान लावून बी पाह्यला.

सांजच्याला दिवे लावायच्या आधी बेबी आली. “आबा, चढला बघा रंग! पाकळीच्या कडंला आलाय. तुमाला काय दिसतं?”

“झकास दिसतं.”

“तसं न्हाई. निळं कोणतं?”

कडूबानं फुलांकडं तोंड केलं. दोन्ही त्याला मळकट कापसाच्या बोंडासारखी दिसत होती. “जे लाल न्हाई ते,” तो म्हणाला.

बेबी खुदुखुदु हसली. चुलीपाशी बसलेली झुंबरबाई मात्र हसली न्हाई. तिनं नवऱ्याकडं पाह्यलं आन् भाकरी उलटली.

पाडव्याच्या सकाळी फुलं पुरती रंगली. काड्यांचं काम सरलं, तशी बेबीनं सुतळी सोडली. पोर शिस्तीची. घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची, हे आजीनंच शिकवलेलं. तिनं दोन्ही तुकड्यांची गाठ मारली आन् सुतळी होती तशी डबड्याच्या कडीला गुंडाळली. फक्त डबडं चुकलं. तिच्या लेखी ती नुसती सुतळी होती.

दुपारी मेंढरं ओवाळून झाली. बाया घरात पोळ्या करू लागल्या. वाघरीत कडूबा आन् पुंजाराम दोघंच. पुंजारामानं एकेक मेंढी धरायची आन् कडूबानं पंजा उठवायचा, असं दरसालचं काम. कडूबानं डबडी चाचपली. सुतळी लागली. हात बुडवला आन् पहिल्या धवळीच्या पाठीवर दणका दिला.

पुंजारामाच्या हातातली मेंढी तशीच राह्यली.

“सोड की,” कडूबा म्हणाला. “बायकोवानी काय धरून बसला?”

“सोडतो, दाजी.” त्यानं सोडली, दुसरी धरली. मंग तिसरी. पुंजाराम तसा बडबड्या गडी, दिवसभर त्याच्या तोंडाला बुच नसायचं. आज शब्द न्हाई. कडूबाचा सगळा कळप झाला, मंग पुंजारामाचा. तरी शब्द न्हाई.

“काय रे, दात दुखून राह्यला का?”

“न्हाई दाजी. पुरणपोळीचा इचार करू लागलो.”

तेवढ्यात वडीगोद्रीवर एस्टीतून उतरून मच्छिंद्र आला. हातात फटाक्यांची पिशवी. वाघरीपाशी थांबला आन् म्हणाला, “बा, हे काय? आपली मेंढरं निळी कशी काय?”

निळी. कडूबाचा ओला हात तसाच हवेत राह्यला. त्यानं तो डोळ्यापाशी आणला, लांब नेला. काळपट हात. कुठल्या का रंगात बुडवलेला. आपण जन्मभराचा रंग सोडून साऱ्या मेंढरांवर मेव्हण्याचा शिक्का मारला, हे त्याला पोराच्या तोंडून कळून राह्यलं होतं.

“म्या सांगितलं दाजीला,” पुंजाराम मधेच बोलला. “म्हणलं, अवंदा रंग बदलू. तीर्थपुरीच्या रानात लांडगा लई झालाय. लाल रंगाला येतो.”

“लांडग्याला रंग कळतो?” मच्छिंद्र म्हणाला.

“तुला काय ठावं, तू कारखान्यातला माणूस. लांडग्याचं शिक्षण येगळं.”

मच्छिंद्र हसला. पुंजारामानं हळूच कडूबाचा हात धरून त्याला खाली बसवलं. आता कडूबाच्या ध्यानात आलं की मेव्हण्यानं पहिल्याच मेंढीला ओळखलं होतं. एक मेंढी चुकली तर लोक विचारतील, सगळाच कळप बदलला तर ठरवून केल्यावानी दिसंल, म्हणून त्यानं तोंड शिवून घेतलं होतं. लबाडाचं डोकं बराबर चाललं होतं. कडूबानं नुसतं ‘व्हय’ म्हणायचं बाकी होतं. तो तोंड उघडणार, तवर बेबीनंदा दोन्ही गिलास घेऊन पळत आली. बाप आलेला पाहून तिला आणखीच जोर चढला.

“बाबा, हे बघा! पांढरी होती, आता कशी झाली! आबा, शेवटच्या वेळंला सांगा. ह्या हातातलं कोणतं आन् ह्या हातातलं कोणतं?”

“बेबे, नंतर.”

“नंतर सुकतील. आबा, काल बी तुमी गंमत केली, आज सकाळी बी केली. गुरुजी म्हणले, प्रयोगात गंमत चालत न्हाई. काय दिसायला पायजे ते सांगायचं न्हाई, जे दिसलं तेच सांगायचं.”

कडूबा फुलांकडं पाहत राह्यला. अंदाजानं सांगितलं असतं तर एक बाजू तरी बराबर निघाली असती. पुंजाराम मागून खाकरला, डाव्या अंगाला एकदा, उजव्या अंगाला दोनदा. ती खूण होती का नुसता खोकला, देव जाणे. समोर पोर दोन्ही हात पुढं करून उभी. कालपासून तिनं ह्या माणसाचा शब्द खरा धरायचं ठरवलेलं.

“मला दोन्ही सारखीच दिसतेत, बेबे,” कडूबा म्हणाला. “मळकट. रंग न्हाई दिसत. मला तुझं तोंड बी नीट दिसत न्हाई.”

घरातला लाटण्याचा आवाज थांबला.

“कधीपासून?” मच्छिंद्रानं विचारलं.

“झाल्या असतील दोन दिवाळ्या.”

“आन् त्या डोळ्यानं तुमी हमरस्त्यावरून मेंढरं पार करून राह्यले? मामा, तुमाला ठावं होतं?”

“ओढा उतरताना मी ह्यांचा हात धरतो,” पुंजाराम म्हणाला. “तुला काय वाटलं, पिरतीनं धरतो?”

“आन् आई, तुला?”

झुंबरबाई दारात येऊन उभी होती. “मला काय ठावं असायचंय? ताटात भाकरी कोणत्या अंगाला हाये ते सांगावं लागतं, येवढं ठावं.”

मच्छिंद्रानं फटाक्यांची पिशवी खाली ठेवली. तो वाईट पोरगा नव्हता. भेला होता. भेलेला माणूस आवाज चढवतो, तसा त्यानं चढवला. “बस झालं. उद्याच अंबडच्या बेपाऱ्याला आणतो. मेंढरं बी सुटतील आन् तुमी बी. ट्रकाखाली आल्यावर मला तार करणार होते का?”

कडूबाच्या पायाशी लंगडी मेंढी येऊन अंग घासू लागली. तिचं घुंगरू तेवढं वाजत होतं.

“कोन्ती इकणार?” पुंजारामानं शांतपणानं विचारलं.

“आमची.”

“तुमची म्हंजे निळी?”

“व्हय.”

“निळी तं माझी. वस्तीत कुणाला बी इचार, निळा पंजा कुणाचा. बाजारात उभा राह्यला तर बेपारी तुलाच चोर म्हणंल.”

“मामा, गंमत करू नका.”

“गंमत न्हाई. आन् लाल इकायला निघाला तर ती खरीच माझी हायेत, मी तुझा हात मोडीन. लोकर कातरंपर्यंत हा रंग जात न्हाई. तवर ह्यातलं एक शेपूट बी इकता येत न्हाई. तवर मी दोन्ही कळप संभाळतो. तू तुझ्या बापाचा डोळा संभाळ.”

मच्छिंद्रानं मेंढरांकडं पाह्यलं, मामाकडं पाह्यलं. त्याला हसू आवरंना आन् हसायचं बी नव्हतं. “कातरणीपर्यंत,” तो शेवटी म्हणाला. “बा ऑपरेशनला आले तर पुढचं पुढं पाहू. न्हाई आले तर मामा, निळी न् लाल दोन्ही ट्रकात.”

“दोन महिने धूळ नको म्हणला डॉक्टर,” कडूबा पुटपुटला.

“म्हंजे डॉक्टरकडं बी जाऊन आला तुमी?” झुंबरबाई म्हणाली. “बत्तासे आणले त्या दिवशी! मला वाटलंच. ह्या माणसानं कधी सणाबिगर गोड आणलंय?”

सांजच्याला बेबीनंदा आजोबाच्या जवळ येऊन बसली. सुतळीचं तिला आता उमगलं होतं. ती नखानं जमीन उकरत म्हणाली, “आबा, सुतळी मीच बांधली. चुकून दुसऱ्या डबड्याला.”

कडूबानं तिचा हात चाचपून धरला.

“गाठ पक्की मारली होती,” तो म्हणाला. “तुझ्या बापाला अजून अशी येत न्हाई.”

दिवाळी सरली. पुंजाराम दोन्ही कळप घेऊन निघाला. घंटीचा आवाज कालव्यापलीकडं जाईपर्यंत कडूबा ओट्यावर उभा राह्यला, आन् दुसऱ्या दिवशी पोराबरोबर जालन्याच्या गाडीत बसला. डोळ्याचं वाईट नव्हतं वाटत त्याला, पण दवाखान्यात त्यानं सिस्टरला भंडावून सोडलं. ‘पट्टी कधी काढणार?’ असं न्हाई विचारलं. ‘पुनव झाली का?’ असं विचारायचा. पुनवेला मेंढरं कुठल्या वावरात बसतेत, त्याचा हिशोब चालायचा डोक्यात.

डॉक्टरनं आधी उजवा डोळा केला. डावा पुढल्या साली. घरी आला तव्हा हिरव्या पट्टीवर काळा चष्मा आन् तोंडावर मोठा रुबाब. दोन महिने त्यानं घर डोक्यावर घेतलं. सुनेनं चूल पेटवली की ‘धूर, धूर’ म्हणून वरडायचा, झुंबरबाईनं अंगण झाडलं की ‘धूळ, धूळ’. “मेंढरांत असताना बरं होतं,” ती म्हणायची, “तिथं ह्यांचं ऐकायला मेंढरं तरी होती.”

पट्टी निघाली त्या दिवशी बेबीनं आणखी एक प्रयोग लावला. ह्या वेळी फूल न्हाई, नुसता गिलास. निळं पाणी भरून उन्हात ठेवला.

“आबा, आधी जुना डोळा झाका. नव्यानं पाहा.”

कडूबानं पाह्यलं, मंग वाकून पुन्हा पाह्यलं.

“आता नवा झाका. जुन्यानं.”

त्यानं डोळा बदलला. पुन्हा बदलला. ओट्यावर बसून म्हातारा एक डोळा झाकतोय, दुसरा उघडतोय, असं बराच वेळ चाललं.

“काय दिसतं?”

“ह्या डोळ्यानं कालव्याचं पाणी हाये,” कडूबा म्हणाला, “आन् ह्या डोळ्यानं डबक्याचं. गिलास येकच हाये ना बेबे? का तू बदलून राह्यली?”

डॉक्टरची मुदत संपली तसा तो मच्छिंद्राला घेऊन तीर्थपुरीच्या गाडीत बसला. कळप एका ज्वारीच्या वावरात बसला होता. पुंजाराम ‘दाजी, दाजी’ करत पुढं आला, पण कडूबा त्याच्या बाजूनं सरळ मेंढरांत शिरला. एकेकीचं तोंड हातात धरलं, उन्हाकडं फिरवलं, पाह्यलं आन् सोडलं. लंगडीपाशी थांबला.

“ही वाळली. पुंज्या, चारतो का नुसता हिंडवतो?”

“दोन महिने तुमची मेंढरं राखली, त्याची ही मजुरी का?”

“आन् ह्या धवळीच्या कानामागं गोचीड हाये. दोन डोळे असून तुला दिसला न्हाई.”

पुंजाराम मागं उभ्या असलेल्या मच्छिंद्राला म्हणाला, “भाच्या, ह्यांना पुन्हा जालन्याला ने. दिसत नव्हतं तव्हा लई बरे होते.”

कातरणी झाली, निळी-लाल लोकर खाली पडली, मेंढरं बिनरंगाची झाली. आता कळप विकायला काही आडकाठी नव्हती. मच्छिंद्रानं बेपाऱ्याचं नाव काढलं न्हाई. कडूबानं बी आठवण करून दिली न्हाई.

पुढल्या पाडव्याला मात्र वस्तीतली माणसं वाघरीभवती जमली. चेष्टा करायलाच जमली. दोन डबडी समोर ठेवलेली, सुतळी कुणालाच न्हाई. पुंजारामानं पहिली मेंढी धरली आन् म्हणाला, “बघा दाजी, तुमचं डबडं ह्या अंगाला. लाल.”

कडूबा वाकला. दोन्ही डबड्यांत पाह्यलं. निळ्यात हात बुडवला, वर काढला, उन्हात धरला. मनगटावरून निळा ओघळ कोपरापर्यंत गेला. तो पाहत राह्यला. पुंजारामानं धरलेली मेंढी पाय झाडू लागली तरी पाहतच राह्यला.

“दाजी, चुकलात. ते माझं,” पुंजाराम म्हणाला.

“चुकलो न्हाई. दिसतंय मला,” कडूबा म्हणाला आन् पंजा उठवला. “लाल तू घे. मला हाच पायजे.”

अजून बी त्या वस्तीवर कडूबाच्या घरची मेंढरं निळीच असतेत.